सफियाच्या अब्बांची होडी

मंगळवार, संध्याकाळ

मुलांसाठी लिहिलेली माझी पहिलीच गोष्ट आज शेजारच्या दहा वर्षांच्या झोयाला वाचून दाखवली. सफिया ओहोटीला भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जाते, पाणी चढतं, ती अडकते आणि अब्बा होडी घेऊन धावत येतात. त्या होडीच्या वर्णनावर मी दोन दिवस घालवलेत!

झोया म्हणाली, "काकी, अब्बा इथे कसे? सुट्टी मिळाली काय त्यांना?"

तिचे अब्बा दुबईला. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"मग सफियाला बाहेर कोण काढणार?"

"तीच येईल की! खाडीत पाय कुठे टेकतात ते तिला ठाऊक असणार."

खरंच की. होडी पाठवून मी सफियाची गोष्ट तिच्याकडूनच काढून घेतली होती. होडी खोडली. अब्बांनाही खोडायला गेले, तर झोयाने हात धरला.

"त्यांचा फोन येऊ दे ना शेवटी. सफिया सांगेल, आज तिसऱ्या केल्या."

"आणि पाणी चढलं ते?"

"ते नाय सांगायचं. तिकडे एकटे असतात ते."

हे वाक्य गोष्टीत घालायचा फार मोह होतोय. पण सफिया सांगत नाही, तर मी का सांगू?