जगऱ्यावरची माती

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि अजूनही त्या जंगलात शिरलो की मी आधी तुमची खाकी टोपी शोधतो. येडेपणाच आहे. पण तुम्ही तिथले वनरक्षक होतात, आणि सुटीच्या दिवशी आम्हाला रोडगे खायला न्यायचात तेव्हा सगळ्यांच्या पुढे ती टोपीच चालायची. मागून आई, डोक्यावर कणकेचं गाठोडं घेऊन, आणि तिच्या मागे आम्ही भावंडं वांगी सांभाळत. नाल्याकाठी तुम्ही आधी भोवतालचा पाला दूरवर झाडून काढता, मग गोवऱ्यांचा जगरा पेटवता. निखाऱ्यांत रोडगे भाजत असतात आणि तुम्ही पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसता. तुपात बुडवलेल्या त्या रोडग्याची चव मी नंतर कुठं कुठं शोधली, नाही मिळाली. मला ती हवी आहे, बाबा. आणि शेजारी तुम्ही हवे आहात, "खाय ना बे, लाजतं काहून?" म्हणणारे.

जेवणं झाली की आम्हाला घरी पळायची घाई, आणि तुम्ही ढिम्म. नाल्यातून पाणी आणायचं, राख काठीने ढवळायची, पुन्हा पाणी. शेवटी उघडा तळहात राखेवर ठेवायचा. गार लागली तरच निघायचं. एकदा मी शहाणपणा केला. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात जगऱ्यावर माती लोटली, वर दगड ठेवला. तुम्ही आलात, दगड उचलला, काठी खुपसली. खाली लालभडक.

"घरी माय विस्तव कसा ठेवते रे रातभर?"

"राखेखाली दाबून."

"मंग तू काय केलं? विझवला, का उद्याच्या चहासाठी ठेवला?"

आई पदर तोंडाला लावून हसली. तुम्ही नाही हसलात. पाण्याच्या चार खेपा माझ्याकडूनच घालून घेतल्या. रडत रडत मी राखेवर हात ठेवला तेव्हा वर तुमचा हात होता, खरखरीत, धुराच्या वासाचा. तो वास आता मला नीट आठवत नाही, आणि याचा मला फार राग येतो.

यंदा होळीच्या आधी ऑफिसातल्या मंडळींना मी तिथंच रोडगे खायला नेलं. तोरा काय विचारता! प्लास्टिक आणू दिलं नाही, गाणी लावू दिली नाहीत, कागदाचा कपटासुद्धा पोत्यात भरून परत आणला. शिकावं तर यांच्याकडून, असं सगळे म्हणाले आणि मी फुगलो. नाला आटलेला होता, सोबतचं पाणी हात धुण्यातच संपलं. लोक गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. आणि मी, तुमचा पोरगा, जगऱ्यावर माती लोटून निघून आलो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर अख्खी टेकडी काळी. आमच्या जगऱ्याची जागा रानडुकरांनी खरकट्याच्या वासाने उकरली होती, आणि काळं तिथूनच वर चढत गेलेलं स्पष्ट दिसत होतं. पलीकडच्या कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची, एक म्हातारी रिकामी टोपली घेऊन बसली होती. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पोडाच्या लोकांनीच पाला जाळला, असं म्हणून वनखात्याने त्यांना जंगलात यायची बंदी केली होती.

"आमी कायले जाळू बापू?" ती म्हणाली. "त्याच झाडायवर तं जगून राह्यलो."

मी नुसतं "हो ना" म्हणालो आणि घरी आलो. मोहाचा बहर असतो पंधरा-वीस दिवसांचा. त्यातले तिचे तीन दिवस मी गप्प बसून खाल्ले. 

चौथ्या दिवशी वनखात्याच्या नाक्यावर गेलो. तिथं आता एक तरुण पोरगी वनरक्षक आहे. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोडावर निरोप धाडते, उद्यापासून या म्हणून. बाकी वरचे साहेब पाहतील." आणि जबाब लिहायला कागद ओढला. "पूर्ण नाव सांगा."

पूर्ण नावात मधोमध तुम्ही. ज्या जंगलात तुम्ही ओल्या डहाळ्यांनी झोडपून वणवे विझवलेत, त्याच जंगलाच्या आगीच्या कागदावर तुमचं नाव. घरी मी बायकोला सांगितलं की ते उच्चारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. तसं काही झालं नाही. तुमचं नाव मी दोनदा सांगितलं, चांगलं मोठ्याने, आणि वर "इथंच गार्ड होते ते" हेही जोडलं. वाटलं, तुमचं नाव ऐकून ती पेन खाली ठेवेल.

तिने मान वर केली नाही. "मंग तुमाले तं मालूम होतं," एवढंच म्हणाली आणि लिहीत राहिली.