कोऱ्या कापडाचा दोष

वळ, भिवंडी
४ एप्रिल २०२५

ती. राघोमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून तुमच्या भाचीला पोस्टाच्या पेटीपर्यंत चालावं लागलं. चाळीस वर्षं कंप्रेसरशेजारी उभं राहून ट्रक रंगवले, मग कान असेच होणार, असं आई म्हणते.

आधी बातमी. ठाण्याला एका कारखान्यात बोटींच्या नि इमारतींच्या छोट्या प्रतिकृती बनवतात. तिथं रंगकामाच्या परीक्षेला मला २५ तारखेला बोलावलंय. जागा एकच आहे. रंग फवारायचा आपला एअरब्रश आपणच न्यायचा आणि त्यांच्यासमोर हातभर लांबीची बोट निळी करून दाखवायची. जमलं तर मानकोलीच्या गोदामात दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या मारणं सुटेल.

आता रडगाणं. होळीला तुम्ही पाठवलेला नवाकोरा एअरब्रश दोन मिनिटं चालतो, मग तुंबतो, मग अचानक थुंकतो. ॲक्रिलिक रंग पातळ व्हावा म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर घातलं, तर वाटीत दही तयार. मी रडायचीच बाकी होते. काय चुकतंय ते लवकर कळवा.

मामींना जयभीम. माया आहे तशीच असू द्या.
आपली,
धम्मदिना


गणेशपुरी
८ एप्रिल २०२५

चि. धम्मदिनास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि तुझ्या मामीकडे पाणी मागितलं. पाण्याच्या रंगात थिनर? अगं, दुधात लिंबू पिळलंस. राघो पेंटरची भाची आहेस हे चारचौघांत सांगू नकोस.

नीट ऐक. ॲक्रिलिक पाण्यानं कालव, दुधाइतका पातळ. आपल्याकडच्या उन्हात तो सुईच्या टोकावरच वाळतो, म्हणून ग्लिसरीनचा एक थेंब घाल आणि दर दोन मिनिटांनी टोक ओल्या ब्रशनं पूस. हवा बेताची ठेव. रंग गाळल्याशिवाय वाटीत ओतायचा नाही, एवढीशी गुठळी गेली तरी घसा धरतो. काम संपलं की पाणी फवारून धू. सुई काढून बघण्याच्या भानगडीत पडू नकोस, ती नवी आहे.

ऊन मरणाचं आहे, इकडे येण्याची घाई करू नकोस. तुझ्या आईला, आमच्या बकुळाला, माझी आठवण सांग.
तुझं भलं चिंतणारा,
राघोमामा


वळ
१३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. दोन मिनिटांची पाच मिनिटं झाली, पण तुंबणं काही गेलं नाही. आज हाताला मुंग्या येईपर्यंत फवारलं आणि शेवटी सरावाला घेतलेल्या खेळण्यातल्या ट्रकवर शिंतोडे उडाले. आता मला वाटायला लागलंय की दोष माझ्याच बोटांत आहे.

गाळण्याचं खातं आईनं घेतलंय. रोज सकाळी लूमवरून आणलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा फाडते आणि जातीनं गाळून देते. मी जुनी ओढणी घेतली तर हिसकावून घेतली. तिचं म्हणणं, कोरं हाय म्हंजे चोख हाय, लेकीच्या कामाला जुनेर न्हाय चालायचं. बावीस वर्षं लूमसाठी सुताच्या कांड्या भरलेल्या बाईला कापडातलं मी काय शिकवणार.

उद्या जयंती. कमानीवरची अक्षरं रंगवायला मंडळाची पोरं तुमचीच आठवण काढत होती. त्यानंतरच्या रविवारी एअरब्रश घेऊन तुमच्याकडे येऊ का? डोळ्यांसमोर दाखवलंत तर कळेल.
उत्तरासाठी डोळे लावून बसलेली,
धम्मदिना


गणेशपुरी
१७ एप्रिल २०२५

चि. धम्मदिनास,
अ. आ.

कोऱ्या कापडातून? दोनदा वाचलं, मग मामीला वाचायला दिलं. तिनंही कपाळावर हात मारला.

अगं, लूमवर ताणा, म्हणजे उभा धागा, तुटू नये म्हणून सुताला खळ पाजतात. कोऱ्या कापडात ती खळ असते आणि वर सुताचा भुगा. पाण्याचा रंग त्यातून गेला की खळ भिजते आणि थेट सुईपाशी जाऊन चिकटते. भिवंडीत जन्म गेला आणि बकुळाला हे सुचू नये, याचा मला धक्काच बसलाय. कोरं म्हणजे न वापरलेलं, स्वच्छ नव्हे. नायलॉनचा मोजा धुऊन त्यातून गाळ. कोडं सुटलं.

बकुळाला सांग, लेकीच्या कामात तूच मोडता घातलास. रविवारी येऊ नकोस, घरात पाहुणे आहेत.
परीक्षेत नाव काढशील ही खात्री असलेला,
राघोमामा


वळ
२६ एप्रिल २०२५

ती. मामांस,
जयभीम.

काल सगळं संपलं. मोज्यातून गाळलेला रंग, ग्लिसरीनचा थेंब, ओला ब्रश, काही म्हणता काही सोडलं नाही. बोटीची एक बाजू सुरेख झाली. दुसरी घेतली आणि एअरब्रश थुंकला. पांढऱ्या डेकभर निळे शिंतोडे. मी हात तसाच धरून उभी राहिले. कारखान्यातले कुणी रागावले नाहीत, फक्त पुढच्या मुलाला बोलावलं. जागा त्याला मिळाली.

परतताना मानकोलीला उतरले. तिथं प्रितेश नावाचा एकजण हेल्मेटवर नक्षी फवारतो. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि मलाच विचारलं की हा पाडला कुणी. सुईचं टोक वाकलेलं, वर पकडीनं सरळ केल्याच्या खुणा, आणि नोझलचं तोंड चिरलेलं. नुसतं पाणी घातलं तरी हा थुंकणार, असं तो म्हणाला. मामा, पाडलेला माल नवाकोरा म्हणून दुकानदारानं तुमच्या गळ्यात मारला. दुकानाचं नाव कळवा. सुट्टी टाकून त्याच्या दारात जाऊन उभी राहते.

आईला मात्र हे पटत नाही. मोडता घातल्याचं तुमचं वाक्य मी हसत हसत वाचून दाखवलं होतं, ते तिनं धरून ठेवलंय. काल रात्रीच घरातलं सगळं कोरं कापड तिनं उकळत्या पाण्यात टाकलं, बुद्धपौर्णिमेची नवी पांढरी साडीसुद्धा. जेवताना माझ्याकडे बघत नाही.
आपली,
धम्मदिना


गणेशपुरी
३० एप्रिल २०२५

चि. धम्मदिना,

दुकानदाराकडे जाऊ नकोस. त्या माणसाचा काही दोष नाही.

हे वेडंवाकडं अक्षर बघून दचकली असशील. हे माझं आहे. आधीची दोन्ही पत्रं मी सांगितली आणि तुझ्या मामीनं, हौसानं लिहिली. लग्नानंतर तिला बाराखडी मीच गिरवायला लावली होती, म्हणून वळण माझ्यासारखंच येतं. दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो.

एअरब्रश नवाच आणला होता. पाठवण्याआधी एकदा चालवून बघावा म्हणून ओट्यापाशी उभा राहिलो आणि तो हातातून सुटला, सुईवरच पडला. मी पकडीनं टोक सरळ केलं आणि झालं सरळ असं स्वतःला पटवलं. ज्या हातानं एका दमात ट्रकभर नक्षी काढली, त्याला बोटभर वस्तू पेलत नाही, हे कुणाला सांगवेना.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. सांगितलेलं काही खोटं नव्हतं, पण खरं कारण झाकायला सांगितलं. म्हणून तुला इकडे येऊ दिलं नाही. खळीचं निघालं तेव्हा तर सुटल्यासारखं वाटलं. दोष बहिणीच्या माथी गेला आणि मी त्या दिवशी पोटभर जेवलो. सगळ्यांत जास्त लाज मला त्या जेवणाची वाटते.

हे बकुळाला वाचून दाखव. लोभ ठेवा असं कुठल्या तोंडानं लिहू.
राघो


वळ
४ मे २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की राघोदादाच्या हाताला काय झालंय ते आधी विचार. मी तिच्याइतकी भली नाही. मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. सुई वाकली आहे, बदल, एवढं एका कार्डावर आलं असतं तर पुरे होतं. प्रितेशनं सुई नि नोझल अर्ध्या तासात बदलून दिलं. तुम्ही तुमचा हात लपवलात आणि मी तीन आठवडे माझ्या चांगल्या हाताला नावं ठेवत बसले.

कारखान्यात पुढची जागा दसऱ्याच्या सुमाराला निघेल म्हणतात. निघाली तर जाईन. तोवर मानकोली आहेच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ११ तारखेच्या रविवारी, आई नि मी गणेशपुरीच्या एसटीनं येतोय. ऊन असो, पाहुणे असोत. एअरब्रश मी धरणार, तुम्ही शेजारी बसून ओरडायचं. ऐकू येत नसलं तरी ओरडता येतं. हात डॉक्टरला दाखवायचा, त्यावर वाद नको.

आणि मामींना सांगा, चहा अर्धा कपच ओतायचा, म्हणजे कुणाच्या हातून सांडायला नको. तुम्हाला एकट्याला नाही, सगळ्यांनाच.
अजून रागावलेली, पण तुमचीच,
धम्मदिना