समासातली तीन अक्षरं

लंडन,
१४ मार्च १९६१

प्रिय बाबा,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. आईला सर्दीचं कारण कळवलं होतं, ते खरं नव्हतं. मी बरी आहे. घरमालकीण मिसेस टॅपली सकाळी खारवलेला मासा वाढते आणि म्हणते, जुन्या दप्तरांत बसून बसून तूच एक दिवस पिवळी पडशील.

तुमची वही इथं सगळ्यांना दाखवते. टपाल वाटून आल्यावर वीस वर्षं तुम्ही आपल्या जिल्ह्यातल्या दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या फाशीच्या शिक्षा उतरवून काढल्यात. छातीच्या दुखण्यानं माझी शाळा सुटली, तेव्हा त्याच वहीवर मला वाचायला शिकवलंत. इथले विद्वान नुसते आकडे मांडतात. तुम्ही प्रत्येकाचं नाव, गाव, गुन्हा लिहिलात. मी काम करते त्या दप्तरखान्याचे म्हातारे कारकून ओल्डरॉइड म्हणाले, "टपालवाला ना? त्याला नाव चुकवून चालत नाही."

त्यांनाच मी अ‍ॅन स्वेबीची नोंद दाखवली. मेंढी चोरली म्हणून फाशी सुनावलेली, समासात 'sus' अशी तीन अक्षरांची लॅटिन खूण. म्हणजे शिक्षा स्थगित, बाई घरी गेली, असं तुम्ही मला सांगायचात.

ओल्डरॉइडनी चष्मा पुसून ती नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पोरी, इथं शिक्षा टांगणीला लागलेली नाही. बाई टांगलेली आहे. गळ्यानं टांगावी, असा तो हुकूम."

मला पटेना. दफनाच्या नोंदवह्या काढल्या. वहीत त्या खुणेची एकोणीस नावं. अकरा सापडली, सगळी फासावर गेलेली. उरलेल्या आठांचं नक्की कळत नाही. तुमच्या वहीवरून केलेल्या तक्त्यात तसंच लिहिलं आहे.

बाबा, आपण त्यांना घरी पाठवलं होतं. आपल्याकडचे न्यायाधीश मऊ काळजाचे होते, असं तुम्ही गावच्या इतिहास मंडळाच्या सभेत सांगितलंत. त्याला आता आधार उरला नाही. तुमच्या नावाचा तक्ता शुक्रवारी छापायला जायचा होता. तुम्हाला न विचारता मी तो थांबवला.

पण ती अकरा माणसं सापडली, ती तुम्ही नावं लिहून ठेवली होतीत म्हणून. नुसता आकडा असता, तर ही चूक आपल्या दोघांच्या मागंही जगली असती. असं काम करणारा माणूस मला इथं अजून भेटलेला नाही.

दुरुस्त तक्ता सोबत आहे. वर तुमचं नाव तसंच आहे. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा. माझ्या हातून ते होणार नाही.

तुम्ही शिकवलंत तसंच वाचणारी,
हेस्टर