ल्यूशन व्हेलला मित्र नाहीत

१२ जानेवारी १९९८
आजपासून मी दोन माणसं आहे.

वेंडल टॅकेट सगळ्यांच्या ओळखीचा. टोपी, बूट, नॅशव्हिल, कंट्री गाण्यांचे अकरा अल्बम. दुसरा आज दुपारी रेकॉर्ड कंपनीच्या बैठकीत जन्मला. नाव ल्यूशन व्हेल. रॉक गातो. जन्म प्रागमध्ये. अनाथ. मांस खात नाही, हसत नाही. मित्र नाहीत. हे चरित्र कंपनीतल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. मी फक्त 'अनाथ'पाशी अडखळलो, कारण आईचा दर रविवारी फोन येतो.

एकावन्नाव्या वर्षी अशी हिंमत या गावात कोणी केलेली नाही. पुढची पिढी माझं नाव काढेल. अर्थात नाव ल्यूशनचं.

गुप्तता पाळायची. कोणालाही सांगायचं नाही.

रोंडाला सांगितलं. बायको आहे, सांगावं लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कचरा दोघांपैकी कोण टाकणार.

१५ जानेवारी
मॅडिसनला डेल्बर्ट प्रूइटकडे गेलो. त्यालाही सांगावंच लागलं. माझ्या प्रत्येक गाण्यात ओळींच्या मधे त्याची स्टील गिटार आहे. त्याच्या गॅरेजमध्येच आम्ही पहिलं 'नावाड्याचं गाणं' बसवलं. तेव्हा गॅरेजला दार नव्हतं आणि कोंबड्या आत यायच्या.

म्हटलं, डेल्बर्ट, तू खूप वाजवलंस, आता जरा विश्रांती घे. मी हे फार चांगल्या शब्दांत सांगितलं.

तो म्हणाला, म्हणजे स्टील नाहीच?

म्हटलं, रॉकमध्ये नसते.

त्याने विचार केला. मग म्हणाला, मग गड्या, ओळ संपल्यावर तू करणार काय?

प्रश्न कळला नाही. वय झालंय. खोकतोही फार. नोव्हेंबरपासून तोच खोकला चालू आहे. कुठलीही गोष्ट लांबवायची त्याला सवयच आहे. गाण्यांचे शेवटसुद्धा लांबवतो.

ओलेटाने केळ्याचं पुडिंग वाढलं. निघताना डेल्बर्टने अंत्यविधीच्या आमच्या जुन्या वायद्याचा विषय काढला. मी आधी गेलो तर त्याने वाजवायचं, तो आधी गेला तर मी 'नावाड्याचं गाणं' म्हणायचं. पण त्याच्या चर्चमध्ये वाद्याला बंदी. तिथल्या देवाला नुसता गळा चालतो. जन्मभर स्टील वाजवणारा माणूस रविवारी बाकावर बसून गुडघ्यावर बोटं हलवतो. म्हणाला, तुला एकट्यालाच म्हणावं लागेल. मधेमधे मी असेनच.

आम्ही खूप हसलो. त्याला खोकला आला म्हणून थांबलो.

९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग सुरू. प्रोड्युसर ज्युलियन, खास लॉस एंजेलिसहून आणलेला. अनवाणी फिरतो. मला ल्यूशन म्हणतो, स्टुडिओच्या बाहेरही. याला म्हणतात व्यावसायिकता.

दुपारपर्यंत एकच गाणं. ज्युलियन काचेमागून सारखा थांबवत होता. म्हणे, तू प्रत्येक ओळीनंतर थांबतोस का?

म्हटलं, श्वास घेतो.

म्हणे, हा श्वास नाही. एवढ्यात माणूस सिगारेट पेटवेल. तू कोणाची वाट पाहतोयस?

सगळे हसले. मीही हसलो. मग आठवलं की ल्यूशन हसत नाही.

११ फेब्रुवारी
ज्युलियनने माझ्या ओळी कॉम्प्युटरवर एकमेकींना चिकटवल्या. मधली जागा कापून टाकली. ऐकायला जोरकस वाटतं. माझीच ओळ माझ्याच पाठीवर चढून येते.

पण कापून चालणार नाही. स्टेजवर कोण कापणार? ही खोड मोडायचीच. सव्वीस वर्षं एका माणसासाठी दर ओळीनंतर थांबत आलो. आपल्या गाण्यात किती वेळ आपण नुसते उभे असतो, हे कोणी मोजत नाही.

संकल्प: थांबायचं नाही. गाडी चालवताना सराव. नदीवरचा पूल सुरू झाला की गायला लागायचं आणि पलीकडे पोचेपर्यंत तोंड मिटायचं नाही.

४ मार्च
पुलावर चक्कर आली. गाडी कडेला घेतली. प्रगती आहे.

डेल्बर्टचा फोन. डॉक्टरांना फुप्फुसात डाग दिसला म्हणे. या वयात सगळ्यांनाच डाग असतात. माझ्याही पाठीवर आहे. तसं त्याला म्हटलं. तो म्हणाला, मग बरंय, दोघं एकाच वॉर्डात पडू.

गुरुवारी भेटायला जायचं. नक्की.

५ मार्च, गुरुवार
केसांचं माप. जाता आलं नाही.

विग उत्तम आहे. काळा, एका डोळ्यावर येणारा. त्या डोळ्याने दिसत नाही, पण ल्यूशनला फारसं बघायचंही नसतं.

२ एप्रिल
घरातही ल्यूशन म्हणूनच राहायचं ठरवलं आहे. ज्युलियनची सूचना. माणूस आतून बदलला पाहिजे. रोंडा म्हणाली, परक्या पुरुषाबरोबर एका खोलीत झोपणं तिच्या तत्त्वात बसत नाही. मी पाहुण्यांच्या खोलीत. तिला माझं पात्र पटलेलं आहे, असा याचा अर्थ.

दुपारी विग, काळा चष्मा आणि लांब कोट घालून नेहमीच्या खानावळीत गेलो. परीक्षाच होती. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. कोणी वळून बघितलं नाही. मग वाढणारी मेबल आली आणि म्हणाली, काय वेंडल, हॅम नेहमीसारखंच ना? की त्या दुसऱ्याला भाज्या देऊ?

मेबल अतिशय चाणाक्ष बाई आहे. इतरांना कळलेलं नाही.

हॅम खाल्लं. ल्यूशनने खाल्लं असं धरायचं नाही.

१६ एप्रिल
फोनच्या यंत्रावर ल्यूशनच्या आवाजात निरोप भरून ठेवला आहे. थंड, तुटक. दोनदा स्वतःच ऐकला. अंगावर काटा आला.

संध्याकाळी डेल्बर्टचा आवाज त्यावर. म्हणे, मिस्टर व्हेल, तुमच्या घरात वेंडल टॅकेट नावाचा एक जण राहतो. चांगला माणूस आहे, पण विसरभोळा. त्याला सांगा, ओलेटाने पुडिंग केलंय. मला आता गिळता येत नाही, तेव्हा कोणीतरी येऊन ते संपवायला हवं. आणि तुम्ही जरा हळू बोला की. एवढी कसली घाई?

डेल्बर्टचा विनोद शाबूत आहे म्हणजे तब्येत ठीक असणार.

उद्याच जायचं.

१७ एप्रिल
कोरसचं रेकॉर्डिंग लांबलं.

६ मे
आज जमलं!

शेवटचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. एकदाही थांबलो नाही. कापायला, चिकटवायला काही उरलंच नाही. ज्युलियन काचेमागून धावत आला, अनवाणी, आणि मिठी मारली. म्हणाला, संपलं, आता तू कोणाची वाट बघत नाहीस.

सव्वीस वर्षांची सवय तीन महिन्यांत मोडली. एकावन्नाव्या वर्षी. हे मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

घरी येताना पूल ओलांडला. पलीकडे पोचायच्या आत गाणं संपलं होतं.

१० मे
डेल्बर्ट हॉस्पिटलात. रोंडा दर दोन दिवसांनी जाते. तिच्याबरोबर अल्बमची कॅसेट पाठवली. सगळ्यात आधी त्यालाच. मैत्री म्हणजे आणखी काय असतं?

रोंडा परत आल्यावर विचारलं, काय म्हणाला.

ती म्हणाली, डोळे मिटून ऐकलं सगळं. बोटं पांघरुणावर होती. दर ओळीच्या शेवटी उचलायचा आणि तशीच धरून ठेवायचा. टेकवायला मिळालीच नाहीत.

म्हटलं, पण म्हणाला काय?

म्हणाला, गर्दी फार आहे.

बरोबर ओळखलं. रॉकमध्ये आवाज भरगच्चच लागतो. म्हातारा असला तरी कान अजून तयार आहे. रोंडाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, विग काढून एकदा जाऊन ये रे.

२० मे
मासिकाचा माणूस आठवडाभर सोबत आहे. ल्यूशनचं एकाकी जीवन, असा लेख. मी दिवसभर खिडकीत उभा असतो. अशा वेळी ल्यूशन व्हेल मॅडिसनच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या स्टीलवाल्याचा हात धरून बसलेला दिसला तर काय होईल? चरित्रात मित्र नाहीत असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

लेखाचा माणूस गेला की लगेच.

आज हॉस्पिटलच्या आवारापर्यंत गेलो होतो. एकटाच. गाडी लावायला जागा होती. आरशात बघितलं. केसांचं हे काय करायचं ते सुचेना. डेल्बर्ट हसला असता आणि हसला की त्याला खोकला येतो. त्याच्या भल्यासाठी परत आलो.

३ जून
अटलांटा. व्हिडिओचं शूटिंग. विग खास गोंदाने चिकटवला आहे, वाऱ्याच्या पंख्यापुढे उडू नये म्हणून.

रोंडाचा फोन. सकाळी डेल्बर्ट गेला.

शूटिंग चारपर्यंत चाललं.

६ जून, सकाळी
विग निघत नाही. गोंद काढायचं औषध अटलांटाच्या मेकअपवाल्या बाईकडे आहे आणि ती फोन उचलत नाही. रोंडाने कोमट तेल लावून पाहिलं, मग पीनट बटर. एका बाजूचा थोडा सुटला, कातडीसकट. ती म्हणाली, राहू दे. मग कपाटातून माझी टोपी काढून आणली आणि विगवर बसवली. घट्ट होते. टोपीखालून दोन्ही बाजूंनी काळे केस.

ती हसेल असं वाटलं होतं.

अकराला चर्च. ओलेटाने काल फोनवर विचारलं, म्हणणार ना रे? म्हटलं, म्हणजे काय. पाद्री चर्चमध्ये एकट्याने गाणं म्हणू देत नव्हता, तिथे सगळ्यांनी मिळूनच गायचं असतं. ओलेटाने त्याला सांगितलं, माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं तुमच्या बाकावर हात आवरले, आता तुम्ही थोडं आवरा.

आवाज उत्तम लागला आहे.

६ जून, संध्याकाळी
चर्च भरलं होतं. गावातले सगळे वाजवणारे आले होते. कोणाच्याच हातात काही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कोणाला कळत नव्हतं. केसांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दारात ओलेटा म्हणाली, डेल्बर्टने सांगून ठेवलं होतं, वेंडल केसांसकट आला तरी आत घ्या, बाहेर ऊन असेल.

माझी वेळ आली. शवपेटीशेजारी उभा राहिलो, टोपी काढायची असते, काढली. साथीला काही नाही. 'नावाड्याचं गाणं' म्हटलं.

सूर कुठेही हलला नाही. दम पुरला. तिन्ही कडवी सलग, एकदाही न थांबता. ज्युलियनने ऐकायला हवं होतं. गाणं नेहमी लांबतं, आज पटकन संपलं. संपल्यावरही लोक तसेच बसून होते, अजून काहीतरी व्हायचं आहे असे. पहिल्या बाकांवरच्या वाजवणाऱ्यांची बोटं गुडघ्यांवर होती. उचललेली.

मला वाटलं, भारावले आहेत.

मग मागच्या खोलीत जेवण. हॅम, भट्टीत भाजलेलं मक्याचं कॅसरोल, मसाला भरलेली अंडी. पुडिंगही होतं. ओलेटाने स्वतः बशीत वाढून दिलं. म्हटलं, कसं झालं? ती म्हणाली, आवाज छान लागला. तिने माझ्या कपाळावर सुटलेला विग बोटाने नीट बसवला, लहान मुलाचे केस सारखे करावेत तसा. मग म्हणाली, आम्ही सगळे वाट बघत होतो वेंडल. त्याला कुठे जागाच ठेवली नाहीस रे.

पुडिंग संपवलं. संपवायचंच होतं कोणीतरी.

९ जून
कंपनीचा फोन. मासिकात लेख आला आहे. मथळ्यात ल्यूशनचं नाव नाही. 'विग घातलेला वेंडल टॅकेट'. नॅशव्हिलमध्ये पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं, असं आत लिहिलं आहे. मेबलचा फोटो आहे. कंपनी म्हणते, अल्बम तुमच्याच नावाने काढू, तसाच. मी विचारलं, एखाद्या गाण्यात थोडी जागा करता येईल का. म्हणे, कशासाठी?

विग दुपारी निघाला. आपला आपणच, उशीवर.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून 'नावाड्याचं गाणं' म्हणून पाहिलं. पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. आत रोंडा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

बराच वेळ थांबलो. दुसरी ओळ म्हटली नाही.