नारिंगाच्या पानावरचा बर्फ

शिराज, २ बहमन

ती. इशरत आबजीस,
धाकट्या तूरानचा सा. न. वि. वि.

शिराजमध्ये बर्फ पडेल त्या दिवशी येईन तुझ्या घरी जेवायला, असं तू म्हणाली होतीस. हमदानच्या बसथांब्यावर, वऱ्हाडाच्या गाडीपाशी, माझ्या डोक्यावरची चादर सारखी करता करता. सगळं वऱ्हाड हसलं. शिराजचे लोक ते, तिथे कुठला बर्फ, त्यांना वाटलं नवरीची बहीण मोठी गमतीची आहे. मीही हसले. गाडी निघाल्यावर मागच्या काचेतून पाहिलं तर तू एकटीच हसत नव्हतीस.

बावीस वर्षं झाली, आबजी. दर वसंतात, नवरोजला, मी तुझ्याकडे येते, तुझ्या हातचं खाऊन लठ्ठ होऊन परतते. तू मात्र एकदाही आली नाहीस. बोलावलं की एकच विचारतेस, पडला का?

तर ऐक. यंदा, याच बहमन महिन्यात, पडेल असं म्हणतात. रस्तेगारांच्या औषधाच्या दुकानात सध्या औषधं कमी आणि हवामान जास्त खपतंय. भिंतीवरचं वायुभारमापक पाहायला सकाळपासून माणसं येतात. काल एक बाई मुलाच्या खोकल्याचं औषध मागायला आली, तिला रस्तेगारांनी उत्तरेकडून येणाऱ्या थंडीची सगळी हकीकत ऐकवली. बिचारी औषध न घेताच घरी गेली. गल्लीत दोन पक्ष पडलेत, बर्फवाले आणि पाऊसवाले. जहांगीर पाऊसवाल्यांत आहे. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच मी त्याला दोन दिवस चहा विचारलेला नाही.

आता दुसरं. मुनीर खानमनं मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावू नकोस, तुझी शेजारीण झाली तरी मला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलंय तिनं. हृदय थकलंय, हमदानची उंची आणि थंडी सोसवणार नाही, सखल आणि उबदार गावी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. नाही नेलं तर वसंत दिसेल का, या प्रश्नाला ते नुसते बॅग आवरत राहिले. म्हणून यंदा मी गंमत म्हणून आकाशाकडे पाहत नाहीये, पदर पसरून पाहतेय. आई गेल्यावर हवा कशी वाचायची हे तूच मला शिकवलंस. तूच सांग, पडेल का?

तुझा नेहमीचा, थोडा टोचणारा लोभ तसाच असू दे.

तुझी,
तूरान

* * *

हमदान, ७ बहमन

चि. सौ. तूरान हीस,
इशरतचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझं एक वाक्य तुला बावीस वर्षं पाठ आहे आणि मी शिकवलेली हवा मात्र विसरलीस. नुसती थंडी म्हणजे रिकामं पातेलं. ते चुलीवर ठेवून पुलाव होत नाही. थंडी उत्तरेकडून उतरतेय हे मलाही कळतंय, पण ओल दक्षिणेकडून, आखातावरून यायला हवी, आणि दोघींची गाठ नेमकी तुमच्या डोक्यावर पडायला हवी. बहुतेक वेळा एक पोचते तेव्हा दुसरी निघून गेलेली असते. शिवाय शिराजच्या ढगालाही तिथल्या माणसांसारखी दुपारची झोप लागते, त्याला कोण काय करणार.

तरी लक्ष ठेव. आजपासून चार-चारचे दिवस लागलेत, मोठ्या थंडीची चार दिवसांची शेपटी आणि धाकट्या थंडीचं चार दिवसांचं डोकं. काय व्हायचं ते यातच होईल. वारा दक्षिणेचा झाला, पारा शून्यापाशी घुटमळायला लागला आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला, तर मला आठव.

आणि नियम विसरू नकोस. मागे एकदा तू चार कण पडल्याचं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतंस. तो बर्फ नव्हे, ती ढगानं केलेली थट्टा. तुझ्या अंगणातल्या नारिंगाच्या पानावर तो टिकला पाहिजे, तू आत जाऊन चहाची किटली घेऊन येईपर्यंत. डोंगरावरचा चालणार नाही. शेजारणीच्या अंगणातलाही नाही.

इकडे अलवंद डोंगरानं बर्फाची टोपी कानापर्यंत ओढलीय. अंगणातला पारा हल्ली मुनीर वाचून येते. तिला उणे चिन्ह दिसत नाही. काल तिनं हमदानात अठरा अंश असल्याचं सांगितलं आणि वर विचारलं, मग एवढं गार का गं लागतंय? हसून हसून मला दम लागला.

डॉक्टर म्हणजे कालचं पोर. त्याचं ऐकायचं तर मीठ सोडा, पाय शेकायची चौरंगाखालची शेगडी सोडा, हमदान सोडा. एवढं सगळं सोडल्यावर जी उरेल ती इशरत नव्हेच. मी ठीक आहे. झोप बसून लागते, एवढंच. जहांगीरला चहा दे. पाऊसवाला असला तरी माणूस बरा आहे.

माया आहेच, ती काही थंडीनं गोठत नाही.

तुझी,
इशरत

* * *

शिराज, १४ बहमन

ती. इशरत आबजीस,
तूरानचा सा. न. वि. वि.

आबजी, पडला!

तू म्हणालीस तसंच झालं. वारा दक्षिणेचा झाला, डोंगर नाहीसा झाला, आणि सकाळी दार उघडते तर नारिंगाचं झाड पांढरं. किटली काय, मी सगळा समोवार पेटवून चहा केला तरी पानावरचा बर्फ जागचा हलला नाही. रेडिओ पाऊस म्हणाला असेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. त्यांचा पारा खाली विमानतळावर, आमची गल्ली डोंगराच्या अंगाला. फोटो सोबत ठेवलाय. फोटोवाल्याच्या डोक्यावर बसून धुऊन घेतला.

आता दिल्या शब्दाला जागायचं. तू हो म्हणताच जहांगीर गाडी घेऊन येईल, मागच्या सीटवर गादी घालून, म्हणजे तुला आडवं होता येईल. मी कोबीचा पुलाव करीन, खिम्याच्या बारीक गोळ्या घालून. दक्षिणेकडच्या खोलीत तुझं अंथरूण घातलंय. तिथे दिवसभर ऊन असतं.

वाट पाहते. फार वाट पाहते.

तुझी,
तूरान

* * *

हमदान, १९ बहमन

तूरान जान हीस,
मुनीरचे अ. आ.

तुझं पत्र आलं त्याची हकीकत मीच कळवते. इशरत आज लिहिणार नाही म्हणते.

तुला ठाऊक नसेल, ७ तारखेला तिचं पत्र पेटीत टाकून मी परत आले, तर बाईसाहेब माळ्यावरची बॅग काढायला लावायला टपलेल्याच. तेव्हापासून ती भरून दाराशी ठेवली होती. जहांगीरसाठी अक्रोड, तुझ्यासाठी लोकरीचे मोजे, आणि ती निळी शाल, जी आजवर कुणाच्या लग्नातही तिनं पांघरली नाही. वर बूट. मी म्हटलं, अगं शिराजला जायचं तर बूट कशाला? तर म्हणाली, वेडी आहेस का, बर्फात काय चपलांनी उतरू?

शिराजला पाऊस, असं रेडिओनं १३ तारखेला सांगितलं. तिनं रेडिओ बंद केला आणि म्हणाली, विमानतळ खाली आहे, तूरीची गल्ली उंचावर आहे. तू तेच लिहिलंस, शब्दाला शब्द. बॅग दाराशीच राहिली.

आज फोटो आला. आधी चष्मा लावून पाहिला. मग भिंग मागितलं. मग खिडकीपाशी नेऊन पाहिला. चेहरा असा उजळला होता, तूरान, की तू लहान असताना शाळेतून पळत यायचीस तेव्हाची इशरत मला दिसली. आणि मग हळूहळू दिवा बारीक करावा तसा तो चेहरा बारीक होत गेला. बॅग पुन्हा माळ्यावर ठेव, एवढंच म्हणाली.

तुम्हा बहिणींमधलं तुम्ही जाणा. पण पायांची सूज आता गुडघ्यापर्यंत आलीय हे मी लपवणार नाही. चिठ्ठी टाकत जा, तिला पोस्टमनची वाट पाहायला आवडतं.

तुमच्या दोघींची,
मुनीर

* * *

हमदान, २१ बहमन

चि. सौ. तूरान हीस,
इशरतचे अ. उ. आ.

अक्षर मुनीरचं आहे, बोल माझे. हात कापतो. मुनीर लिहिताना नाक ओढतेय, तिकडे तू दुर्लक्ष कर.

बर्फ वरून पडतो, तूरी. हातानं ठेवलेला ओळखू येतो.

झाड पांढरं आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीचा माथा काळा, ओला. आकाशाला झाड तेवढं दिसलं आणि भिंत दिसली नाही, असं होतं का? शिवाय तू लहानपणी भातावर साखर घालायचीस तशी पानापानावर एकेक मूठ घातलीयस. पण ओळखायला फोटोची गरज नव्हती. मला पत्रातच कळायला हवं होतं. खरंच बर्फ पडला असता तर रस्तेगारांनी दुकान उघडं टाकून रस्त्यात कसा नाच केला ते तू दोन पानं लिहिलं असतंस. त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

मी रागावले नाही. रागावले असते तर स्वतः लिहिलं असतं, कापत्या हातानं. कुठून आणलास? गार हातांनी किती वेळ उभी होतीस? तुझे हात थंडीत फुटतात, लहानपणापासून.

बसथांब्यावरचं ते वाक्य. मी ते चिडून म्हणाले नव्हते गं. पंधरा वर्षं तुझी वेणी घातली होती, दुसऱ्या दिवशीपासून सकाळी हातांना काम काय, हे मला कळत नव्हतं. तुझ्या सासरच्यांसमोर रडायचं नव्हतं. म्हणून थट्टा केली. मग ती थट्टाच माझी अब्रू होऊन बसली. दर वर्षी वाटायचं, यंदा तू म्हणशील, आबजी, बर्फ गेला खड्ड्यात, तू ये. तू दर वर्षी आकाशाचंच लिहायचीस. दोष तुझा नाही, हवा वाचायला मीच शिकवलं.

आता यायचं म्हटलं तरी देह येणार नाही. तूही येऊ नकोस. नेहमी येतेस तशी नवरोजला ये. त्याआधी तुझं पाऊल दारात वाजलं, तर मला कळेल की मी मरतेय. ते मला तुझ्याकडून कळायला नको.

मोजे मुनीर पोस्टानं पाठवेल. हातांना तूप लाव.

माझ्यामागेही माझीच असशील,
इशरत

* * *

शिराज, २६ बहमन

ती. इशरत आबजीस,
तूरानचा सा. न. वि. वि.

हो, मीच ठेवला. १३ तारखेला पहाटेपासून पारा शून्याच्या वर दोन अंशांवर अडकून राहिला. गल्लीतली सगळी माणसं रस्त्यात, माना वर, तोंडं उघडी. एकदा पावसात पांढरं काही मिसळलं, रस्तेगारांनी दोन्ही हात वर केले, पण तळहातावर यायच्या आत पाणी झालं. मग नुसता पाऊस. रस्तेगार दुकानात जाऊन त्या वायुभारमापकाकडे पाठ करून बसले. जिंकलेल्या पाऊसवाल्यांपैकी कुणी हसलं नाही. जहांगीर घरात आला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. लोणच्याचं पिंप घेऊन आम्ही सपीदानच्या डोंगरापर्यंत गेलो आणि ते बर्फानं भरून आणलं. भिंत आठवली नाही. दोघांच्याही डोक्यात फक्त नारिंगाची पानं होती, कारण तू पानं म्हणाली होतीस.

तू म्हणालीस तसे हात फुटलेत. तूप लावलंय.

तुझं पत्र वाचलं. मला वाटत होतं, तुला खरंच बर्फ हवाय. आणि तुला वाटत होतं, मी तो बाजूला सारावा. आपण दोघी हवा वाचण्यात एवढ्या पटाईत, आबजी, आणि एकमेकींच्या अंगणातला पारा मात्र कुणालाच वाचता आला नाही. मुनीर खानमसारखं आपल्यालाही उणे चिन्ह दिसलं नाही.

म्हणून आता म्हणते. बर्फ गेला खड्ड्यात. बावीस वर्षं उशीर झालाय, तरी म्हणते.

तू येऊ शकत नाहीस, तर घर मी आणीन. तांदूळ, कोबी, आमच्या झाडाची नारिंगं. चूल तुझी असेल, पण रांधीन मी, आणि ते शिराजचंच जेवण असेल. तुझ्या अंगणात बर्फ आहेच, खरा, वरून पडलेला, भिंतीच्या माथ्यावरही असलेला. मी नारिंगाची एक फांदी तोडून आणीन आणि त्या बर्फात रोवीन. मग नियमात काय कमी राहिलं? ती निळी शाल पांघर आणि चार घास जेव.

दारात माझं पाऊल वाजलं तर तुला कळेल म्हणालीस. आबजी, ते तुला कळलेलंच आहे. म्हणूनच तर तू मोजे नवरोजला हाती न देता पोस्टानं पाठवतेस.

तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. नवरोजपर्यंत थांब म्हणशील, आणि मुनीर खानमच्या अक्षरात म्हणशील. तसलं ‘नाही’ मी मानणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या हातानं लिही, कितीही कापू दे, एकच शब्द लिही, म्हणजे तो लिहायला तू आहेस एवढं तरी मला कळेल.

पण त्याआधी एकदा विचारते. लहानपणी शेजारी खेळायला जाताना उंबऱ्यात उभी राहून विचारायची तसंच, उत्तर माहीत असूनही.

येऊ का?

तुझी,
तूरी