सुमनकाकूंचं ताट

पप्पा,

तुम्ही रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून उठवलं नाही. मी रिझल्ट आणायला शाळेत जाते आहे. विपुलला सुट्ट्या लागल्या, तो मामासोबत खकनारला गेला. पोळ्या डब्यात आहेत, भाजी गरम करून घ्या.

मम्मी गेल्यापासून वर्षभर आपल्या घरी सण नव्हता. राखी, पोळा, दिवाळी, होळी, सगळ्या सणांचं ताट शेजारून सुमनकाकूंनीच पाठवलं. उद्या अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. सकाळी काकू म्हणाल्या, "वर्ष झालं बेटा, आता तुमच्या घरी सण करायचा." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुरणासाठी डाळ आणून ठेवली आहे. गूळ किती घालायचा, ते मम्मीने मला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं का?

भूमिका