मागच्या खोलीत मामा बोलतात

४ जानेवारी, सकाळ
आजपासून संताप बंद. कायमचा. ती थेरपिस्ट होणार आहे, आणि थेरपिस्टच्या माणसाने चिडणं बरं दिसत नाही. कोर्सचं शेवटचं सत्र सुरू झालंय. एप्रिलमध्ये निकाल. निकालाच्या दिवशी लग्नाचं विचारायचं. तोवर माझं काम एकच, भक्कम आधार देणे.
कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. (सरांच्या दिशेने डस्टर मी फेकलं नव्हतं, ते हातातून सुटलं. असो.) त्यामुळे आम्हा दोघांतलं शिकणं तिच्याकडे आणि आधार माझ्याकडे. वाटणी रास्त आहे.

४ जानेवारी, संध्याकाळ
कामावर, म्हणजे मामांच्या फ्रेमच्या दुकानात, एक काच फुटली. संतापाने नाही. काचच पातळ होती. मामा नेहमीसारखे ओरडले, गाढवा, आधी माप मग हात! त्यांना कुणीतरी थेरपिस्ट दाखवायला हवा.

९ जानेवारी
तिला ऐकण्याचा सराव लागतो. समोरच्याने बोलायचं, तिने ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. फोन पालथा ठेवायचा. मी म्हणालो, कशाला शोधतेस, मी बसतो.
काय सांगू! पूर्ण वेळ ती माझ्याकडेच बघत होती. एरवी अर्धी माझ्याकडे, अर्धी फोनमध्ये असते. संधी साधून विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना? ती म्हणाली, तुला याची खात्री करून घ्यावीशी वाटतेय. मी म्हणालो, हो किंवा नाही एवढंच सांग. ती म्हणाली, हो किंवा नाही कळलं की सुटल्यासारखं होईल, असं तुला वाटतंय.
उशी फेकली. उशी मऊ होती, म्हणून हा संताप धरत नाही.

१७ जानेवारी
परीक्षेसाठी कुणाचं तरी बोलणं रेकॉर्ड करून द्यायचंय. त्या माणसाशी चार-पाचदा बसायचं आणि शेवटची बैठक टेप करायची. जवळचा माणूस चालत नाही. मी विचारलं, मी किती जवळचा आहे? तिने उत्तर दिलं नाही. म्हणजे फारच.
तिच्या वर्गातला चष्मेवाला म्हणे मदत करायला तयार आहे, त्याच्या ओळखीत कुणी आहे. मी ठणकावून सांगितलं, माणूस मी आणतो.
मामा! तिने त्यांना दुकानात एकदोनदा लांबून पाहिलंय, बस. तिच्या मॅडमनीही चालेल म्हटलं. ती मला दोनदा म्हणाली, नीट विचार कर, आत बोललेलं आतच राहतं, तुलाही कळणार नाही. मी म्हणालो, अगं, मी काय चौकशा करणारा माणूस आहे का?
आतली गोष्ट. मामा दिवसभरात माप आणि ओरडा यांपलीकडे बोलत नाहीत. गुडघ्याचं सांगतील, मग माझं कौतुक करतील, संपलं. ती पास.

१८ जानेवारी
मामा म्हणाले, मला काय धाड भरलीय? मी म्हणालो, धाड नसली तरी चालतं, तिचं भलं होईल. मामा बराच वेळ फ्रेमची पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, पोरगी ऐकते का पण? मी म्हणालो, ऐकण्याचंच शिकतेय.

२५ जानेवारी
पहिली बैठक. दुकानाची मागची खोली, दोन खुर्च्या, सरसाचा वास, दार बंद. मी काउंटरवर. तेवढ्यात एक बाई मुलाची डिग्री फ्रेम करायला घेऊन आल्या. मला म्हणाल्या, तुम्ही काय शिकलात? मी म्हणालो, आज काउंटर बंद आहे.
मामा किती वेळ आत! एकदा हसलेसुद्धा. मामी गेल्यापासून हा माणूस हसलेला मी पाहिलेला नाही. बाहेर आले तर डोळे लाल. विचारलं, काय बोललात? म्हणाले, आतलं आत. तिला विचारलं. तीही म्हणाली, आतलं आत.
माणूस माझा, खोली माझ्या मामांची, पोरगी माझी, आणि दाराबाहेर मी.

५ फेब्रुवारी
मामांचं काहीतरी बिनसलंय. आज मोठी काच फुटली, आरशाची. मी ओरडा खायला तयार उभा. मामा आले आणि म्हणाले, हात बघू, लागलं नाही ना? बस! दिवसभर वाट पाहिली. ओरडलेच नाहीत. अशा वातावरणात माणसाने काम कसं करायचं?

१९ फेब्रुवारी
तिला आधार चालू आहे. दुपारी फोन केला, जेवलीस का. परत केला, नीट जेवलीस का. परत केला, फोन का उचलत नाहीस, तो चष्मेवाला शेजारी बसलाय का. (तिसरा आधारात मोजायचा नाही.)
संध्याकाळी भेटली. म्हणाली, तुला सांभाळता सांभाळता मी दमते रे. मी विचारलं, हे कोर्समधलं वाक्य की खरं? ती म्हणाली, खरं. मग मी तिला समजावलं की दमलेल्या माणसाला आधाराची जास्त गरज असते.

२ मार्च, सकाळ
आज रेकॉर्डिंग. शपथ, आज काउंटर सोडायचा नाही. दीर्घ श्वास. काहीही ऐकू आलं तरी दीर्घ श्वास.

२ मार्च, दुपार
श्वास घेतला होता. पण आतून मामांचा रडवेला आवाज आला, असल्या तापट माणसाशी संसार म्हणजे पोरीच्या जिवाला घोर. आणि मग ती हळूच म्हणाली, घोर.
माझ्याविरुद्ध! माझ्याच पाठीमागे! दार उघडलं. म्हणजे लाथेनेच उघडलं. म्हणालो, मीच तुम्हाला एकत्र आणलं आणि तुम्ही माझीच उणीदुणी काढता? तिला म्हणालो, यांच्याकडे अशी बघतेस, माझ्याकडे कधी बघितलंस? त्याच भरात लग्नाचंही विचारून टाकलं. टेबलावर रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता.
ती म्हणाली, तू बाहेर थांब. मी म्हणालो, मी बाहेर थांबावं असं तुला वाटतंय? ती म्हणाली, वाटत नाहीये. थांब.
थांबलो.

३ मार्च
तिचा मेसेज. दुसरी टेप करायला वेळ उरलेला नाही, हीच द्यावी लागणार. निकालापर्यंत आपण भेटायला नको. माझ्यामुळे ती नापास झाली तर? होणार नाही. कुणाचा आधार आहे शेवटी!
मामा दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मी म्हणालो, ओरडा ना! तरी नाही.

२८ मार्च
झोप नाही, भूक नाही. पण हात चालू. तिच्या सर्टिफिकेटसाठी सागवानी फ्रेम करतोय. कोपरे असे जुळलेत की मामाही वाकून बघून गेले. विचारलं, माप कुठून आणलंस? मी म्हणालो, अंदाजाने. निकालाच्या दिवशी फ्रेम द्यायची, सॉरी म्हणायचं, प्रश्न परत विचारायचा. शांतपणे. आरशासमोर सराव केला. (दुसरा आरसा. पहिला फुटला.)

११ एप्रिल
पास! पहिल्या श्रेणीत! परीक्षकांनी टेपचं खास कौतुक केलं म्हणे. मध्येच एवढा गोंधळ झाला, पण समोरचा माणूस परत बोलता होईपर्यंत ती घाई न करता बसून राहिली. मी म्हणालो, मग श्रेय कुणाचं? ती हसली नाही.
फ्रेम दिली. सर्टिफिकेट फ्रेमपेक्षा मोठं निघालं. मी म्हणालो, कडा कापून बसवू. ती सर्टिफिकेटकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. फोन बॅगेत होता. पूर्ण वेळ माझ्याकडे. म्हणाली, त्या दिवशी तू दारात जे विचारलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.
मी म्हणालो, बोल.
ती म्हणाली, नाही.
तुला वाटतंय वगैरे काही नाही. नुसतं नाही. मग म्हणाली, मला तुझी भीती वाटते रे. आणि गेली.
विचार करायला वेळ मागतेय, असं दिसतंय.

१२ एप्रिल
वेळ मागत नाहीये. सकाळी फोन केला. तिच्या ताईने उचलला. परत करू नकोस, म्हणाली.
दुकानात आलो. मामांनी पाटी उलटी केली, आज बंद. मागच्या खोलीत नेलं. दोन खुर्च्या. रेडिओ बंद केला. आपला फोन पालथा ठेवला. म्हणाले, त्या दिवशी मी तुझं बोलत नव्हतो. माझं बोलत होतो. तुझी मामी मला घाबरायची. शेवटपर्यंत.
मी खुर्ची मागे सरकवली.
मामा म्हणाले, बोल आता. मी ऐकतोय.
मी म्हणालो, मला काहीही झालेलं नाही.
मामा म्हणाले, तुला काहीही झालेलं नाही, असं तुला वाटतंय.
मला उशी फेकायची होती. तिथे उशी नव्हती. काचा होत्या. नाही फेकल्या.
मग मामांनी काच पुसायचं फडकं पुढे केलं. मी म्हणालो, डोळ्यात भुसा गेलाय. मामा म्हणाले, आज लाकूड कापलं नाही.
मी म्हणालो, कालचा असेल.